माळ्यावरच्या डीव्हीडी आणि कायद्यातला एक शब्द

गणपतीच्या आधी घर आवरायचं म्हणून माळ्यावरनं तीन खोकी खाली काढली आणि तेव्हापासून हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाहीये. खोक्यांत डीव्हीडी. काही प्लास्टिकच्या डब्यांत, काही चेनवाल्या काळ्या पाकिटांत, काही नुसत्याच कागदी कव्हरात, आणि काही त्या गोल स्पिंडलवर एकावर एक रचलेल्या, ज्या कोऱ्या समजून जपून ठेवल्या होत्या आणि कोऱ्या निघाल्या नाहीत. मोजल्या तर ३१२ भरल्या. २००७ च्या आसपास मोजर बेअरनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली होती, आठवत असेल, त्याच्या आधी ओरिजिनल घ्यायची म्हणजे खिशाचा विचार करावा लागायचा आणि मग एकदम असं झालं की आमच्या नाशिकच्या मेनरोडला बनियन घ्यायला गेलेला माणूससुद्धा येताना दोन पिक्चर घेऊन यायचा. मीही आणायचो. त्यातले निम्मे अजून प्लास्टिक न फोडलेले आहेत हे खोकं उघडल्यावर कळलं.

बायकोचं म्हणणं सरळ, एकतर बघा नाहीतर टाका.

बघायचं तर कशावर? प्लेअर कधीच गेलाय, त्याच्या ट्रेचा रबरी पट्टा सैल झाला आणि ट्रे बाहेरच येईना, दुरुस्तीवाल्यानं हात जोडले. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, आणि मुलीला तर पूर्वी लॅपटॉपच्या कडेला असा एक खण असायचा हे हाताने दाखवून सांगावं लागलं. म्हणून एम.जी. रोडला गेलो. मोबाईलच्या कव्हरांच्या भाऊगर्दीत एका दुकानात यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर मिळाला, दोन हजारांच्या आत. म्हटलं, माझ्याकडे तीनशे डीव्हीडी आहेत, तुम्हीच फाइल करून देता का, एका डीव्हीडीचे काय घ्याल सांगा. तो म्हणाला, “घरच्या शूटिंगच्या असतील तर देतो काका. पिक्चरच्या नाही करत, कॉपीराइट लागतो.” ऐकून बरं वाटलं, कुणीतरी कायदा पाळतंय. पैसे देऊन निघालो तर मागनं हाक, “काका, एक काम करा ना, पेन ड्राइव्ह आणा आणि कुठले पिक्चर पाहिजे त्याची लिस्ट द्या. संध्याकाळपर्यंत भरून ठेवतो, शंभर रुपये.”

आता याला काय म्हणायचं? मी रोख पैसे मोजून घेतलेली, होलोग्राम चिकटवलेली डीव्हीडी माझ्यासाठी फाइलमध्ये उतरवली तर कॉपीराइट लागतो, आणि तोच पिक्चर कुठनं तरी ढापून शंभर रुपयांत भरून दिला तर काहीच लागत नाही. त्या पोरावर माझा राग नाहीये. त्याच्या डोक्यात जो गोंधळ आहे तोच आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे, प्रामाणिक माणूस घाबरतो आणि बाकीचे मजेत असतात. माझं मत असं की विकत घेतलेली डीव्हीडी स्वतःसाठी उतरवून ठेवणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे, आपल्या कायद्यात तो आजही बऱ्यापैकी आहे पण आडवळणानं, आणि तो सरळ एका वाक्यात लिहून टाकायची वेळ आली आहे, डीव्हीडी संपायच्या आत.

आधी एक शब्द दुरुस्त करू. सगळे म्हणतात “डीव्हीडी डिजिटल करून घ्यायच्यात”. अहो, डीव्हीडी डिजिटलच आहे. व्हीएचएसची कॅसेट डिजिटल करतात, कारण तिच्यात टेपवरची चुंबकी लहर असते, ती मोजून आकड्यांत आणावी लागते. डीव्हीडीत पहिल्यापासून आकडेच आहेत. कॉम्प्युटरला लावून उघडा, व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर दिसेल, आत एक-एक जीबीच्या व्हीओबी फाइली, एमपेग-२ मधला व्हिडिओ, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत ७२० बाय ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रं. एका थराची असेल तर ४.७ जीबी, दोन थरांची असेल तर ८.५. म्हणजे आपण जे करतो ते फक्त वाण्याच्या पुडीतली साखर घरच्या डब्यात ओतणं. पुडी ओली व्हायला लागली तर ओतायलाच पाहिजे, आणि साखर वाण्याची की माझी हा प्रश्न ओतताना कुणी विचारत नाही.

हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो कायद्यात भेटणार आहे.

मग अडतं कुठे, तर कुलपात. बाजारातल्या बऱ्याच डीव्हीडींना सीएसएस नावाचं एक कुलूप असतं, ४० बिटांची किल्ली, १९९६ साली डीव्हीडी बाजारात आली तेव्हाच्या हिशोबानं बसवलेलं. ते १९९९ लाच उघडलं गेलं. नॉर्वेतला योन योहान्सन नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा आणि त्याचे इंटरनेटवरचे एक-दोन साथीदार, त्यांनी डीसीएसएस नावाचा प्रोग्राम बाहेर काढला, त्याचं म्हणणं होतं की मला माझी डीव्हीडी कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टिमवर बघायची आहे. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये तो सुटला, अपिलातही सुटला, कोर्टानं मान्य केलं की स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी बघायला कुलूप उघडणं हा गुन्हा नाही. आणि गंमत अशी की आज तुम्ही-आम्ही कॉम्प्युटरवर व्हीएलसी या प्रोग्राममध्ये डीव्हीडी लावतो आणि ती सुरू होते ना, ती तसल्याच एका फुकट किल्लीच्या जोरावर. म्हणजे कुलूप आपण सगळ्यांनी कधीच उघडलंय, फक्त बघण्यासाठी उघडलं की चालतं आणि ठेवण्यासाठी उघडलं की छातीत धडधडतं.

शिवाय ते रिजन कोडचं लफडं. भारत रिजन ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये. आमच्या मेव्हण्यानं अमेरिकेहून मोठ्या हौसेनं मुलांच्या कार्टूनचा संच आणला होता, तो इथल्या प्लेअरनं तोंडात घेतला आणि थुंकला. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला रिजन बदलता येतो पण फक्त पाच वेळा, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. पैसे देऊन घेतलेली वस्तू कुठल्या देशात बसून बघायची हेही विकणारा ठरवणार आणि वर ते कुलूप चोरी थांबवायला, चोरी तर एका दिवसासाठी थांबली नाही. सीबीएस बसस्टँडच्या बाहेर फुटपाथवर पन्नास रुपयांत पाच पिक्चरची एक डीव्हीडी मिळायची, तिला ना कुलूप ना रिजन, कुठल्याही प्लेअरवर पळायची. त्रास काय तो ओरिजिनलवाल्याला.

आता कायदा. मी वकील नाही, पण कॉपीराइट कायद्याची दोन-तीन कलमं कुणीही बसून वाचू शकतो, नेटवर सरकारनंच टाकलीयेत. कायदा १९५७ चा, मोठी दुरुस्ती २०१२ ची. कलम ५२ मध्ये काय-काय केलं तर हक्कभंग होत नाही याची यादी आहे, आणि तिच्यात अगदी सुरुवातीलाच आहे की खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी रास्त वापर केला तर तो हक्कभंग नाही. २०१२ च्या आधी ही सवलत पिक्चरना अशी उघड नव्हती, दुरुस्तीनंतर कॉम्प्युटर प्रोग्राम सोडून कुठल्याही कृतीला लागू झाली. मग येतं कलम ६५ अ, कुलूप तोडण्याचं. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हे वाचून माणूस घाबरतो आणि तिथेच पान बंद करतो. पण त्या वाक्यात एक अट आहे, हक्कभंग करण्याच्या इराद्यानं तोडलं तर. आणि लगेच खाली असंही लिहिलंय की कायद्यानं स्पष्ट मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुणी काही केलं तर हे कलम त्याला अडवत नाही. त्याला जोडून एक मजेशीर अट आहे, की दुसऱ्याला हे काम करून देणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कशासाठी करून दिलं याची पूर्ण नोंद ठेवायची. म्हणजे एम.जी. रोडच्या त्या पोराला खरं तर एक दोनशे पानी वही पाहिजे होती. नाव, पत्ता, मोबाईल, ओरिजिनल डीव्हीडी पाहिली, स्वतःच्या वापरासाठी, सही. झेरॉक्सवाल्याकडे आधार कार्डाची कॉपी काढायला जितका वेळ लागतो तितक्यात झालं असतं.

मग आपण घाबरतो कशाला? कारण भीतीसुद्धा आपण आयात केली आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानं कुलूप तोडणं हाच वेगळा गुन्हा केला, इरादा काहीही असो, आणि नेटवर याविषयी जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक तिकडचं. ते वाचून इथला माणूस ठरवतो की डीव्हीडी उतरवणं बेकायदा. आणि सवय मात्र इथलीच, फुटपाथवरची. तिकडची भीती, इकडची सवय, आणि मधल्या जागेत आपला स्वतःचा कायदा, जो कुणी उघडून बघत नाही.

तरी मी म्हणतो की तेवढ्यावर भागणार नाही. “रास्त” म्हणजे किती हे कायद्यात मोजून दिलेलं नाही, आणि एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात उतरवणं हे शब्द कुठेच नाहीत, आपण ते कलमांच्या मधल्या जागेतनं ओढून काढतोय. इंग्लंडनं २०१४ च्या ऑक्टोबरात हे स्पष्ट शब्दांत लिहिलं होतं, स्वतःच्या मालकीच्या वस्तूची स्वतःसाठी कॉपी चालेल म्हणून. २०१५ च्या जुलैत संगीतवाल्या संघटनांच्या केसमध्ये त्यांच्या हायकोर्टानं ते रद्द केलं, कारण कलाकारांना भरपाई द्यायची सोय का नको याचा पुरावा सरकारला नीट मांडता आला नव्हता. जर्मनीत १९६५ पासूनच रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रांवर शुल्क आहे, ते कलाकारांना वाटलं जातं. आपल्याकडे असं शुल्क लावा म्हणणारे भेटतील. मला ते नको वाटतं, कारण हार्ड डिस्कवरचं शुल्क गोळा होईल, नक्की होईल, पण ते नाशिकच्या एखाद्या हौशी नाट्यसंस्थेतल्या लेखकापर्यंत पोचायला किती साहेबांच्या सह्या लागतील याचा विचार करूनच दमायला होतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी टाळणार नाही. माझा एक मित्र नाटकाच्या निर्मितीत होता, कालिदास नाट्यगृहात प्रयोग लावायचा तर तिकिटं, जाहिरात, टेम्पो, सगळं त्याच्या अंगावर. त्याला हे सांगितलं तर तो चहा खाली ठेवून म्हणाला, “तू उतरवशील आणि तुझ्याच घरात ठेवशील रे, पण तुझा मेव्हणा?” बरोबर बोलला. गेल्या दिवाळीत मेव्हण्यानं पेन ड्राइव्ह पुढे केला होता आणि मी दोन नाटकं भरून दिली होती, जाताना फराळाचा डबा द्यावा तशी. देताना मनाला काहीही वाटलं नाही, हेच त्यातलं वाईट. डीव्हीडी उचलून दिली असती तर ती माझ्याकडनं गेली असती, एकच वस्तू, एकाकडे नाहीतर दुसऱ्याकडे. फाइल दिली म्हणजे एकाची दोन झाली आणि दुसरी फुकट झाली. मराठी नाटकाच्या डीव्हीडीचा धंदा मोठा कधीच नव्हता, त्यात आपण असे मेव्हणे जोडत गेलो. म्हणून मी रेषा इथं ओढतो: घरातल्या घरात उतरवणं माझं, घराबाहेर फाइल देणं माझं नाही, आणि डीव्हीडी कुणाला विकली किंवा देऊन टाकली तर फाइलही पुसायची. मेव्हण्याला यंदा डीव्हीडीच देणार. तो म्हणेल ही चालवू कशावर, तर मग त्यानंही ड्राइव्ह घ्यावा, दोन हजारांच्या आत मिळतो.

पण मित्राच्या बोलण्यातली दुसरी गोष्ट मला पटत नाही, की उतरवायला परवानगी दिली की चोरी वाढेल. चोरी करणारा माझ्या माळ्यावरच्या खोक्याची वाट बघत बसला नव्हता. शुक्रवारी रिलीज झालेला पिक्चर शनिवारी टेलिग्रामवर असतो, तो काही कुणाच्या डीव्हीडीतनं गेलेला नसतो.

“सगळं ओटीटीवर आहे, कशाला हा उपद्व्याप” असं म्हणणारे तर घरोघरी आहेत, माझ्या घरात एक आहे. सगळं नाहीये. माझ्या खोक्यातली नाटकं एकेक करून शोधून पाहिली, बरीचशी कुठेच नाहीत, आणि काही आहेत ती कुणीतरी यूट्यूबवर अर्ध्या पडद्यावर, आवाज चिरका करून टाकलेली. आणि जे आहे तेही भाड्याचं, हक्कांची मुदत संपली की यादीतनं गुपचूप जातं, वर्गणी मात्र तेवढीच राहते. मोजर बेअरचंच बघा, ज्यांनी देशाला ३४ रुपयांत डीव्हीडी दिली त्या कंपनीचं २०१८ मध्ये दिवाळं निघालं. विकणारा गेला, प्लेअर बनवणारे गेले, राहिलो मी आणि माझं खोकं.

आता खोक्यात काय निघालं ते सांगतो, कारण इथं माझा स्वतःचाच अंदाज चुकला. ३१२ पैकी २४१ कंपनीच्या छापील, आणि ७१ घरच्या, म्हणजे लग्नं, मुंजी, बारसं, शाळेची स्नेहसंमेलनं, शूटिंगवाल्यानं बर्न करून दिलेल्या. आपण अजून त्यांना “लग्नाची कॅसेट”च म्हणतो. मी आपला सुरुवात पिक्चरपासून केली, आवडीचे आधी. छापील २४१ मधल्या फक्त तीन गेल्या. मग घरच्यांना हात लावला तर ७१ मधल्या एकोणीस अजिबात उघडेनात आणि आणखी आठ अर्धवट. कारण साधं आहे. छापील डीव्हीडीत खड्डे साच्यानं दाबलेले असतात, ते जागचे हलत नाहीत. बर्न केलेल्या डीव्हीडीत एक रंगाचा थर असतो, लेझर त्यावर डाग पाडतो, आणि तो रंग उन्हानं, उष्णतेनं, दमटपणानं उतरत जातो. आमचा माळा वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या खाली, एप्रिल-मेमध्ये तिथे पापड वाळतील. वर शूटिंगवाल्यानं प्रत्येक डीव्हीडीवर गणपती आणि गुलाबाचं चिकट स्टिकर लावलेलं, ते कडेनं फुगलंय, त्यामुळे डीव्हीडी फिरताना डुगडुगते.

म्हणजे जो पिक्चर उद्या कुठेही मिळू शकतो तो ठणठणीत, आणि ज्याची जगात एकच कॉपी आहे ते मेलेलं. आणि कॉपीराइटचा प्रश्न ज्यांना लागूच नाही अशा याच डीव्हीडी होत्या, दुकानदार तर “घरच्या करून देतो” म्हणत होता. आम्ही दहा वर्षं काही केलं नाही.

त्यातलीच एक, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, २००६. पाठमोरी धरली तर जांभळट दिसते आणि कडेला एक फिकट चंद्रकोर, तिथला रंग उडालेला. ड्राइव्हमध्ये टाकली की खर्र, खर्र, मग थांबते, परत खर्र. डीडीरेस्क्यू म्हणून फुकट प्रोग्राम आहे, तो आधी जे वाचता येईल ते भराभर उचलतो आणि मग वाईट जागांवर परत परत जाऊन एकेक कण वेचतो. दोन रात्री चालू ठेवला, हॉलमध्ये झोपलेल्या माणसाला रात्रभर उंदीर कुरतडतोय असं वाटेल. चार मिनिटं सोडून सगळं आलं. आजोबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, नोटांच्या. त्यात ते खुर्चीवर बसून, गळ्यात हार, माइक उलटा धरून सांगतायत, “सुटीच्या वेळेला गेटवर झडती द्यावी लागायची, रोजची. एकदा काय झालं, आमच्यातला एक जण...” आणि चित्राच्या चौकोनी ठिकऱ्या होतात. चार मिनिटांनी परत चित्र येतं तेव्हा सगळा मांडव हसतोय, आत्या डोळे पुसतेय, आणि आजोबा माइक परत देतायत. काय झालं होतं एकदा? आईला आठवत नाही, काकांना आठवत नाही. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, हसले होते एवढं आठवतं. शूटिंगवाल्याला फोन केला होता, मूळ टेप आहेत का म्हणून, तो म्हणाला त्या तर आम्ही पुढच्या लग्नाला परत वापरायचो.

आत्याकडच्या तर आणखीनच गेल्या. तिचं घर सराफ बाजारात, तळमजला, २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा कपाटाचे खालचे दोन खण पाण्यात. पाण्यानं डीव्हीडी मरत नाही, स्वच्छ पाण्यानं धुऊन उभी वाळवली असती तर बऱ्याच वाचल्या असत्या. पण मीच मदतीला गेलो आणि मीच जुन्या बनियननं गोल गोल पुसल्या, गाळाची वाळू तशीच असताना. गोल ओरखडा सगळ्यात वाईट, कारण डीव्हीडी वाचली जाते ती गोल जाणाऱ्या रेघेवरच. पुसायचं तर मधनं कडेकडे, सरळ. आत्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.

कुणाला करायचं असेल तर थोडक्यात. घरच्या आधी, पिक्चर नंतर. आधी अख्खी डीव्हीडी जशीच्या तशी, आयएसओ फाइल म्हणून हार्ड डिस्कवर घ्या, चांगल्या डीव्हीडीला वीसेक मिनिटं लागतात, मग टीव्हीवर बघायला हँडब्रेक या प्रोग्राममधनं एमपी४ फाइल काढा, साधारण एक-दीड जीबीत बसतं. लग्नाच्या शूटिंगमध्ये कुणी हललं की कडांना कंगव्याचे दात दिसतात, ते डीइंटरलेस चालू केलं की जातात. आकार वाढवायच्या फंदात पडू नका, ७२० चं १९२० केलं म्हणून मावशीचा चेहरा स्पष्ट होत नाही, फाइल तेवढी फुगते. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट३२ पद्धतीचा असेल तर चार जीबीच्या वरची फाइल तो घेत नाही आणि का घेत नाही ते सांगतही नाही, माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. व्हीसीडी असेल तर आतली डॅट फाइल कॉपी करून व्हीएलसीत टाका, लगेच चालते. १ टीबीत भरलेल्या ४.७ च्या दोनशे डीव्हीडी बसतात. आणि दोन हार्ड डिस्क घ्या, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा, नाहीतर माळा गेला आणि हार्ड डिस्क आली एवढंच.

पण हे सगळं ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, वेळ आहे त्याचं झालं. पंचवटीत, जुन्या नाशकात, सिडकोत अशी किती घरं असतील जिथे खोकं आहे आणि करणारं कुणी नाही, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. आणि घरांचंच कशाला, मंडळं, शाळा, भजनी मंडळं, नाट्यसंस्था, सगळ्यांच्या कपाटात या डीव्हीडी आहेत. हे काम वाचनालयांनी करायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या नाशकात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. एक टेबल, दोन ड्राइव्ह, एक कॉम्प्युटर आणि ती वही, इतकंच लागतं, आणि सभासदानं स्वतः येऊन स्वतःची डीव्हीडी उतरवून न्यायची.

आणि वाचनालयाच्या स्वतःच्या कपाटातल्या डीव्हीडींचं काय, तर आता तो शब्द येतो. कलम ५२ मध्ये २०१२ ला वाचनालयांसाठी चांगली सोय केली, विना-नफा सार्वजनिक वाचनालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येईल, जर त्याच्याकडे तिची नॉन-डिजिटल प्रत आधीपासून असेल तर. नॉन-डिजिटल. म्हणजे पुस्तक चालेल, पोथी चालेल, व्हीएचएस कॅसेटसुद्धा चालेल. डीव्हीडी चालणार नाही, कारण ती डिजिटल आहे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात असणार की जे डिजिटल आहे ते टिकलेलंच आहे, त्याला काय जतन करायचं. त्याला आमच्या माळ्यावर मे महिन्यात बसवायला पाहिजे. हा एक शब्द काढला आणि खाजगी वापराच्या कलमात “स्वतःच्या मालकीच्या प्रतीवरून” एवढी जोड दिली तर या लेखातलं अर्ध रडगाणं संपतं. त्यासाठी नवीन कायदा नको, समिती नको.

आपल्या गावाला तर याची लाज जास्त वाटायला पाहिजे. फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यांची हिंदुस्थान ही चित्रपट कंपनी इथलीच, १९४४ मध्ये गेले तेही नाशकातच, आणि पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक बांधून आपण मोकळे झालो. १९१३ च्या त्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या चार रिळांपैकी हाताला लागली ती पहिलं आणि शेवटचं. फिल्म जपणारी सरकारी संस्था पुण्यात निघाली १९६४ ला, ते जाऊन वीस वर्षं झाल्यावर. त्याच्या आधी त्या डब्यांकडे ज्यांनी ज्यांनी बघितलं असेल त्यांना वाटलं असणार की दुसऱ्या कुणाकडे असेलच की. मला आमच्या एकोणीस डीव्हीडींबद्दल हेच वाटलं होतं, काकांकडे असेल एक कॉपी. काकांना वाटलं आमच्याकडे आहे.

परवा आई हॉलमध्ये येऊन बसली. उतरवून झालेल्यांचा ढीग एका बाजूला, राहिलेल्यांचा दुसऱ्या. तिनं झालेल्यांमधली एक उचलली, उजेडात तिरकी धरून पाहिली आणि विचारलं, “या आता रिकाम्या झाल्या ना?” मी म्हटलं, नाही गं, उतरवून घेतलं म्हणून आतलं जात नाही, आहे तसंच राहतं. “मग तू घेतलंस काय?” यावर मला पटकन काही सुचलं नाही.

तिला मखराला पाहिजे होत्या, मागे गोल लावल्या की दिव्यात चमकतात. ज्यांच्या फाइली केल्या त्या मी देणार नाही, विकत घेतल्याचा पुरावा तोच आहे आणि उद्या हार्ड डिस्क गेली तर परत तिथेच यायचंय. मेलेल्या एकोणीस दिल्या. आजोबांची द्यायची की नाही यावर आमचं अजून ठरत नाहीये, आई म्हणते लाव, गणपतीच्या मागे राहील, आणि मी म्हणतो थांब, त्या चार मिनिटांसाठी एकदा दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघू दे.